अण्णांचा दुसरा प्रश्न

सप्तापुरातले आमचे शेजारी अण्णा कापसाच्या शेतांवर लहान मुलं राबतात का, ते तपासायला जातात. वय विचारून झालं, की ते हसत घरच्यांची चौकशी करतात. चहाच्या टपरीवरही ही सवय सुटत नाही.

एकदा मी त्यांच्याबरोबर गेलो. बियाण्यासाठी कापसाच्या फुलांना हाताने परागकण लावणारी मुलगी म्हणाली, "अठरा."

"आणि तुझी थोरली अक्का?"

"सोळा."

शेजारच्या ओळीतून तिची आई धावत आली. "लिहू नका हो अण्णा, हिचं नि माझं, दोघींचंही काम जाईल."

 तरी अण्णांनी लिहिलं.

परतताना उणकल तलावापाशी गाडी थांबवून त्यांनी मला विचारलं, "आता ती शाळेत जाईल, की दुसऱ्या शेतात?"