कातडी सोलणाऱ्या मिस रूबी

मिस रूबी कुणाचाही हात हातात घेण्याआधी आपला उजवा हात नाकाशी नेऊन हुंगायच्या. दिवसभर सापाची कातडी सोलायची, धुवायची, ग्लिसरीन आणि स्पिरिटच्या पिंपात बुडवायची, म्हणून त्यांच्या बोटांना एक उग्र वास असायचा. तो फारच जाणवला तर "आज लांबूनच" म्हणून नुसती मान लववायच्या. माझ्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हाही दारात उभ्या राहून त्यांनी हात हुंगला, आणि मगच तो पुढे केला.

मी मूळची नागपूरची. अमेरिकेतली रेसिडेन्सी संपली आणि व्हिसाच्या अटीप्रमाणे तीन वर्षं अशा ठिकाणी काढायची होती, जिथे दुसरा डॉक्टर जायला तयार नसतो. म्हणून पश्चिम टेक्सासमधल्या या गावात आले. दोन रस्ते, एक शाळा, एक चर्च आणि गावाबाहेर पत्र्याची एक लांबलचक शेड. कापसाचा भरवसा नाही, पण खडकाळ टेकड्यांमध्ये शेपूट खुळखुळवणारे रॅटलस्नेक भरपूर. गावकरी ते पकडून आणायचे, शेडमध्ये त्यांची कातडी निघायची आणि तिचे बूट, पट्टे, पाकिटं व्हायची. अर्धं गाव त्या शेडवर जगत होतं आणि शेड मिस रूबींच्या शब्दावर चालत होती. तिथे वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण मावशी म्हणतो तसं. त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या आसपास असेल.

त्या पहिल्या भेटीत मी जरा तोऱ्यातच म्हटलं की आमच्याकडे सापाची पूजा करतात. त्या रागावल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "उपकार आम्हीही मानतो. पण इथली शाळा सापानेच उघडी ठेवलीय, डॉक्टर. नुसते हात जोडून आमचं भागत नाही." पुढच्या शनिवारी त्यांनी मला शेड दाखवली. तिथल्या एखाद्या कामकरी बाईने घाईत कातडं फाडलं की त्या तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणायच्या, "एक जीव गेलाय. निदान काम तरी नीट होऊ दे." कापलेलं डोकं तासभर चावू शकतं, म्हणून ते लगेच झाकणाच्या बादलीत टाकायचं, हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम होता.

माझं क्लिनिक मात्र रिकामंच असायचं. लोक भेटले की टोपी काढून नमस्कार करायचे, पण आजारी पडले की दोन तास गाडी हाकून शहरात जायचे. सात महिने मी बहुतेक ब्लड प्रेशरच मोजत होते. आई फोनवर विचारायची, पेशंट कसे आहेत? मी सांगायचे, तब्येती चांगल्या आहेत गं सगळ्यांच्या.

मार्चमधल्या एका दुपारी मिस रूबींचा भाऊ अर्ल त्यांना पिकअपमधून घेऊन आला. एक डोकं बादलीत न पडता टेबलाखाली घरंगळलं होतं आणि ते उचलताना त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चावलं होतं. बोट काळंनिळं पडून हात सुजायला लागला होता. त्यांनी विचारलं, "सापाचं विष उतरवलंयस कधी?"

मी खरं ते सांगितलं. इंटर्न असताना गडचिरोलीकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात घोणस आणि नाग चावलेली माणसं रोज पाहिली होती. रॅटलस्नेक मात्र पहिलाच.

"साप वेगळा असेल," त्या म्हणाल्या. "माणूस तोच आहे ना? कर सुरू."

फ्रीजमध्ये सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं. त्याची पूड पाण्यात विरघळायला वेळ लागतो आणि बाटली जोरात हलवून चालत नाही. नर्स आणि मी समोरासमोर उभ्या राहून बाटल्या हळूहळू फिरवत होतो. शहरातल्या हॉस्पिटलला फोन केला, पण तोवर धुळीचं वादळ उठलं. हेलिकॉप्टर निघेना, रस्ता दिसेना. मी दर पंधरा मिनिटांनी सूज कुठवर चढली ते पेनने हातावर रेघ मारून बघत होते. रेघ मनगटावरून वर सरकत होती. मिस रूबी वेदनेने घामाघूम झाल्या होत्या, तरी विचारायच्या, "कुठपर्यंत आली?" बाहेर वाऱ्यात शेडमधली माणसं टोप्या धरून उभी होती.

कोपराच्या खाली दोन बोटं रेघ थांबली. संध्याकाळी वादळ ओसरल्यावर त्यांना शहरात हलवलं. त्या वाचल्या, बोट मात्र कायमचं ताठ झालं. पुन्हा सुरी धरता आली नाही. मग त्या टेबलाशी खुर्ची टाकून बसू लागल्या आणि जे हातांनी करायच्या ते तोंडाने शिकवू लागल्या. मला सगळ्यांत आधी दिसला तो बदल वेगळाच होता. पुढच्या सोमवारी माझ्या क्लिनिकमध्ये बसायला खुर्ची उरली नव्हती.

तीन वर्षांची अट संपली तरी मी तिथेच राहिले. एकदा सहज बोलताना अर्लने सांगितलं की डोकं चावलं त्या दिवशी त्याने गाडी शहराच्या रस्त्याला लावली होती. बहिणीनेच ती परत फिरवायला लावली. तिचं म्हणणं होतं, आज मी शहरात गेले तर ही मुलगी अट संपताच निघून जाईल, आणि मग आपल्याला कोण? मला आधी रागच आला. स्वतःचा जीव असा पणाला लावतात का? मी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला पेशंट हवा होता, मला डॉक्टर. उगाच दोन तास कशाला घालवायचे?"

गेल्या हिवाळ्यात मिस रूबी गेल्या. हृदय थकलं होतं. शेडचं कामही आता निम्म्यावर आलंय, पण दफनाच्या दिवशी तेवढंही पूर्ण बंद होतं. पाद्रींनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभी राहिले आणि इतक्या वर्षांचं इंग्रजी मला आठवेचना. मी मराठीतच बोलले. मिस रूबी, मी इथे दिवस मोजायला आले होते, तुम्ही मला गाव दिलंत. एवढंच. अर्थ कुणी विचारला नाही. अर्लने माझा हात धरला आणि कबरीजवळ जिथे त्यांच्या घरची माणसं उभी होती, त्या रांगेत मला आपल्या शेजारी उभं केलं.