भुऱ्याची शिकवणी

घरात दोन वर्षांचं मूल असलं की किस्से आपोआप साठतात. त्यात कुत्र्याचं पिल्लू आलं, की सांगायला वेळ पुरत नाही! राळेगावात आमच्या गल्लीतल्या बायका मला आता 'कशी आहेस' असं विचारतच नाहीत. थेट म्हणतात, "मंग, भुऱ्यानं काय केलं?"

भुऱ्या म्हणजे आमच्या वावरात सापडलेलं गावठी पिल्लू. ते घरी आणायचा हट्ट माझा. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी अट घातली, "पोरगी लहान हाय आपली. समोरच्या खोलीतला कापूस न्याले गाडी येईन, तोपर्यंत हा ऐकाले लागला त राहीन. नाही त कापूस जिनिंगवर टाकून गाडी वावराकडंच जाते. त्याच गाडीत हाही जाईन!"

भाव वाढायची वाट बघत कापूस खोलीत पडून होता. जगात भाव वाढू नये म्हणून प्रार्थना करणारी शेतकऱ्याची सून मी एकटीच असेन.

*

मी बी.एड. आहे. आख्खा वर्ग नुसत्या नजरेनं गप्प करायचे. भुऱ्या त्या नजरेकडे बघून जांभई द्यायचा.

मोबाईलवर व्हिडिओ पाहून मी शिकवायला बसले. ताटली समोर ठेवायची, 'थांब' म्हणायचं, आणि 'खा' म्हटल्याशिवाय तोंड लावू द्यायचं नाही. भुऱ्या थांबला! मी आनंदानं आजूबाजूला पाहते तर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी.

"भरल्या ताटासमोर कोणी कोणाले ताटकळत ठेवते का व माय? खा बाबू, खा!"

आठवड्याभरात भुऱ्या पक्का तयार झाला. मी 'थांब' म्हटलं की तो सासूबाईंकडे बघायचा.

माझा नवरा निखिल म्हणाला, "हुशार आहे. मला हे कळायला लग्नानंतर वर्ष लागलं!"

*

पाहुण्यांच्या अंगावर उडी मारायची त्याची सवय मोडायची होती. त्याला उपाय एकच. तो खाली बसेपर्यंत त्याच्याकडे कोणी बघायचं नाही, बोलायचं नाही, पाठ फिरवायची.

महागावहून मामेसासरे आले. मी फाटकातच त्यांना नियम सांगितला. बिचारे पिशवी छातीशी धरून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. भुऱ्या काही बसेना. मामाजी काही वळेनात.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काहून हो भाऊ, सुनेनं घरात घेतलं नाही काय?"

मामाजी भिंतीलाच म्हणाले, "घेते म्हणते. पयले कुत्र्याचा क्लास होऊ द्या!"

*

कापसाच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, हा धडा सगळ्यात अवघड. त्या ढिगात लोळण घेण्याइतकं सुख दुसरं कशात नसावं. पण एका दुपारी पाहते, तर भुऱ्या उंबऱ्याच्या अलीकडे, पुढचे पाय अगदी रेषेत ठेवून बसलेला. माझा ऊर भरून आला. मी सासूबाईंना हाक मारली, "आई, बघा तरी!"

सासूबाईंनी भुऱ्याकडे पाहिलं. मग खोलीत पाहिलं. ढिगाच्या टोकावर आमची गुड्डी, केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरी!

"कुत्रा शिकला व," सासूबाई म्हणाल्या. "पोरगी राह्यली."

*

मग लसीचा दिवस आला. दवाखान्यात बाकीची कुत्री बाकांखाली घुसत होती. मी म्हटलं, "भुऱ्या, बस." बसला! सुई टोचली, हलला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "शिकवलं कोणी?" मी पदर सावरत म्हटलं, "मीच."

पुढचा पेशंट आत आला, तरी भुऱ्या बसलेलाच. ओढलं, चुचकारलं, बिस्किट दाखवलं. ढिम्म! तेव्हा माझ्या लक्षात आलं, की उठायचं मी शिकवलंच नव्हतं.

निखिलनं त्याला तसंच, बसलेलं, उचलून ऑटोत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कुत्रा एक नंबर! सिलॅबस तेवढा पूर्ण करा."

*

आणि मग भाव वाढला. गाडी आली.

कापूस भरून झाला. गाडीवाला गणेशभाऊ भुऱ्याला बांधायला दोरी घेऊनच आला होता. माझीच तयारी कमी पडली, असं स्वतःला समजावत मी त्याची ताटली पिशवीत भरली. गणेशभाऊ गाडी वळवून घ्यायला गेला, फाटक सताड उघडं राहिलं, आणि गुड्डी भुऱ्याचा गळपट्टा धरून खिदळत अंगणातून सुटली. दोघंही फाटकाकडे! बाहेर गाडी मागं येत होती. मी ओट्यावर, सासूबाई दारात. पळून पोचणं शक्यच नव्हतं.

मी ओरडले, "भुऱ्या, थांब!"

भुऱ्या जागच्या जागी थांबला. पट्टा धरलेली गुड्डी झटका बसून बुडावर आपटली आणि भोकाड पसरून रडायला लागली. गाडीचं मागचं चाक फाटकासमोरून गेलं.

सासूबाईंनी जाऊन गुड्डीला उभं केलं. एका हातानं तिचे डोळे पुसले. दुसरा हात भुऱ्याच्या डोक्यावर ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

गणेशभाऊला यातलं काहीच दिसलं नव्हतं. तो दोरी घेऊन उतरला. "काकू, तो कुत्रा न्याचा हाय न?"

सासूबाईंनी भुऱ्याच्या डोक्यावरचा हात न काढता त्याच्याकडे पाहिलं.

"कोणता कुत्रा?"