हनोईत ओटीपी, पोलादपुरात रेंज

व्हिएतनामला गेलो कारण तिकिटं स्वस्त मिळाली. दुसरं कारण नव्हतं. मी आणि नवरा दोघेही महाड एमआयडीसीत लॅबमध्ये. सुट्ट्या एकदाच जुळल्या.

पैशांचं नियोजन माझ्याकडे. थोडे डॉलर, बाकी फॉरेक्स कार्डावर. रोमिंग महाग, म्हणून बँकेला जोडलेलं माझं सिम सासूबाईंच्या दोन सिमच्या साध्या फोनमध्ये घालून आले. त्या पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत राहतात. असं कोणी करू नये.

हनोईत रुपयाला साधारण तीनशे डोंग. वाडगाभर नूडल्स पंचावन्न हजार. बिल आलं की दोन शून्यं झाकायची आणि तीनने भागायचं. वीस हजारांची आणि पाच लाखांची, दोन्ही नोटा निळ्या. वेगळ्या कप्प्यांत ठेवा. आम्ही चहावाल्या बाईंना पाच लाख दिले. त्यांनी परत केले.

चौथ्या दिवशी सकाळी तळ्याकाठी नवरा घसरला. क्लिनिकमधल्या मुलीने फोनवर भाषांतर करून दाखवलं: घोट्याचं हाड मोडलंय, प्लास्टरआधी ऐंशी लाख डोंग भरा, म्हणजे सत्तावीस हजार रुपये. कार्डावर तेवढे नव्हते. खात्यातून कार्डात टाकायला ओटीपी हवा, आणि तो येणार आईंकडे. वाडीत रेंज नाही. सकाळी गुरं घेऊन त्या डोंगराच्या धारेवर जातात, तेव्हाच फोन लागतो. भारतात साडेसात वाजले होते. हनोईत घेतलेल्या सिमवरून लावला. लागला.

"आई, हॉटेलचं बिल भरायचंय. मेसेज येईल, त्यातले सहा आकडे सांगा. एका सिमवर बोलताना दुसऱ्यावर मेसेज येत नाही, म्हणून आता ठेवा, मी परत करते."

परत लावला तर लागेना. लागला तोवर मुदत संपली होती. पुन्हा ओटीपी मागवला, पुन्हा लावला.

"दगडावर लिवलाय कोळशानी," आई म्हणाल्या. "पन आधी सांग, पोराला काय झालाय?"

"काही नाही, आई. बिलच आहे."

"बिलासाठी तू रडत नाय."

मी सांगितलं. त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला. अर्ध्या तासात प्लास्टर चढलं. परतताना विमानतळावर व्हीलचेअर फुकट मिळते, आधी कळवावं लागतं.

आठवड्याने वाडीत गेलो. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "म्हातारी तीन दिस धारेवरनं हलली नाय. म्हनं अजून मेसेज येयाचा आसंल."

पैसे पोचल्याचं मी क्लिनिकला दाखवलं होतं, ऑफिसच्या ग्रुपवरही टाकलं होतं. आईंना सांगायचं राहून गेलं होतं.

आईंनी प्लास्टरवरून एकदा हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेल्या.