काळ्या शाईची चव

“सलीमभाऊ, बाईचा चेहरा हिरवा काहून दिसून राह्यला?”

सुनंदाताईंचं बरोबर होतं. घाटंजीत त्यांचा केकचा धंदा आणि माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान. केकवर लावायचे फोटो मी छापून देतो. कागद खाण्याचा, शाई खाण्याची आणि प्रिंटर वेगळा, साधी शाई कधीच न पाहिलेला. त्या दिवशी चार वाजता ताईंच्या शाळेतल्या बाईंचा निरोपसमारंभ होता. केकवर बाईंनी शिकवलेल्या पहिल्या वर्गाचा जुना फोटो हवा होता. तिसऱ्या रांगेत ताई स्वतः. चेहरे ओळखू आले नाहीत, तर सगळंच मुसळ केरात.

नागपूरची तयार शाई आलीच नव्हती, म्हणून मी घरीच केली. खाण्याचे रंग, उकळून गार केलेलं पाणी आणि खाण्याचं ग्लिसरीन. ग्लिसरीन नसलं, तर आमच्याकडच्या उन्हात शाई हेडमध्येच, म्हणजे ती फवारणाऱ्या भागात, वाळून बसते.

काळा हिरवट आला म्हणून मी काळ्या रंगाची पावडर वाढवली, तीनदा गाळून पुन्हा छापलं. चेहरे ठसठशीत आले. मी खूश.

पण चाखल्याशिवाय शाई दुकानाबाहेर जात नाही, हा माझाच नियम. आणि मला रोजा होता. बावीस वर्षं मेकॅनिकी करतोय, पण हे सकाळी सुचलं नाही.

“आणा, मी पाह्यते.” ताईंनी कागदाचा कोपरा तोडून जिभेवर ठेवला. “कडू जहर हाय, भाऊ. हे बाईले खाऊ घालू?”

“नाही. अर्धा तास द्या मले.”

“तीन वाजले.”

“मालूम हाय. बसा.”

चूक माझीच होती. हिरवटपणावर उतारा लाल रंगाचा, जास्त पावडरचा नाही. शाई पातळ केली, दोन थेंब लाल टाकला, हेड धुतलं. छपाईचा वेग निम्म्यावर आणला, म्हणजे हेड एकाच जागी दोनदा फिरतं आणि पातळ शाईही गडद बसते. ताईंनी पुन्हा चाखलं आणि कागद उचलून निघाल्या.

इफ्तारच्या जरा आधी त्या डबा घेऊन आल्या.

“बाईनं पोरांच्या चेहऱ्यावर सुरी लावूच देली नाही. सोताचा तेवढा कापला. म्हणे, शाईवाल्याले द्या.”

रोजा सोडायला खजूर खाल्ला, मग बाईंचा चेहरा. गोड होता.

आता रमजानमध्ये शाई करायची, तर आधी ताईंना विचारतो, जीभ मोकळी आहे का.