अंगारकीला प्यायलेलं पाणी

बारा वर्षं वॉर्डात काढून मी एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, तेव्हा मनात आलं होतं, आता मला कोण काय शिकवणार! आमचा विषय होता दवाखान्यापर्यंत न पोहोचणाऱ्या माणसांची शुश्रूषा. त्यासाठी लोणी काळभोरपलीकडच्या वीटभट्टीवर महिनाभर जात होते. तिथे सात महिन्यांची गरोदर सुनीता होती. तिचं घर काही केल्या माझ्याशी धड बोलत नसे. बाप्पा, माझं चुकतंय तरी काय, असं मी रोज विचारायचे.

अंगारकीच्या दिवशी सुनीताचा रक्तदाब भलताच वाढलेला होता, डोकं ठणकत होतं. लगेच दवाखान्यात नेलं नसतं, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतलं असतं; पण माझं सांगणं घरात कोणी मनावर घेईना. तिच्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, "नको, उपवास आहे." चंद्रोदयापर्यंत मी पाणीही घेत नाही.

"रोजच उपास असतो व्हय तुमचा?" त्या फटकन म्हणाल्या. मी चपापले. खरंच, महिनाभर प्रत्येक वेळी मी घरच्या पाण्याची बाटली काढून दाखवली होती. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला असेल, हे मला, शहाणीला, सुचलंच नव्हतं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारात कासारीण आली. तिनं सुनीताच्या हातात हिरवी बांगडी सरकवायला घेतली, पण ती चढेना. "अगं बया, गेल्या खेपेला हेच माप व्हतं की! हात किती सुजलाय!" मग तांब्या उचलून तिनं माझ्यासमोर धरला. "प्या बाई. द्येव रागावत नसतो."

मी घटाघटा पाणी प्यायले. सासूबाई रिकामा तांब्या माझ्या हातून घेत म्हणाल्या, "कुठं न्यायचं हिला?"

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेत आणलंत. कासारणीचे आभार मानायचे राहिले होते, म्हणून नंतर चौकशी केली. तिला कोणीच बोलावलं नव्हतं, आणि ती पुन्हा आलीही नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही, हात जोडते. उपवास मोडल्याची रुखरुख मात्र कधीच वाटली नाही. बाप्पाला जे करून घ्यायचं होतं, ते त्यानं माझा हट्ट बाजूला सारून करून घेतलं.

पुढे बाळाला बघायला गेले. सुनीता हसली. सासूबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, त्या उठल्याही नाहीत.

"माठ तिकडं हाय," म्हणाल्या. "घ्या की आपल्या हातानं."