‘जाते’ दाबणार नाही!

परवा वाळूजला माझ्या मशीनची चांगलीच जिरली. मशीनची म्हणजे माझीच.

तिथल्या एका छोट्या कारखान्यात मी हजेरीचं मशीन बसवलंय. अंगठा लावायचा आणि स्क्रीनवरचं बटण दाबायचं, एवढंच. इंग्रजी इन-आउट नको म्हणून मोठ्या हौसेनं मराठी बटणं केली… आत शिरताना ‘येतो/येते’, सुटताना ‘जातो/जाते’. पुंडलिकनगरच्या घरी बसून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

महिन्याभरात सुपरवायझरचा फोन. पॅकिंगच्या शांताकाकूंची एकाही दिवसाची हजेरी पूर्ण नाही. सहा वर्षं टेम्पररी राहून यंदा कुठं त्यांचं नाव पर्मनंटसाठी पुढं गेलं होतं… आणि आता ते काढायची तयारी चालली होती.

मी रेकॉर्ड उघडलं. काकू सकाळी ‘येते’ दाबत होत्या आणि संध्याकाळीही ‘येते’च. दुसरी नोंद मशीन चूक समजून बाद करत होतं. बाकीचे सगळे न वाचता दुसरं बटण दाबून मोकळे. मला खरं तर रागच आला… दोन तर बटणं, त्यातही घोळ?

शिफ्ट सुटताना मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. काकूंना म्हटलं, आता ‘जाते’ दाबायचं. त्यांनी मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखं बघितलं.

“अवं सायेब, निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं व्हय? उद्या परत यायचं नाय का मला हितं?”

सकाळी घरून निघताना मीही आईला ‘येतो’च म्हणालो होतो… तिच्यासमोर ‘जातो’ म्हणायची माझी बिशाद नाही. मशीन बनवताना मात्र हे डोक्यातच आलं नाही.

दोन तासांचं काम होतं. आत येताना ‘आलो/आले’, सुटताना ‘येतो/येते’. जुनी हजेरी गेटवरच्या वहीशी ताडून दुरुस्त केली. चूक माझी होती असं सुपरवायझरना लिहून दिलं. लाज वाटली, पण दिलं.

काल पर्मनंटची यादी लागली. काकूंचं नाव आहे! बजाजनगरला घरी निघायच्या घाईत त्यांनी अंगठा लावला, बटण दाबलं आणि सवयीनं मशीनला तोंडानंही म्हणाल्या, “येते बरं का.”

मशीन आपलं ढिम्म. ते काही मला बरं वाटेना… रात्री बसून एक शब्द वाढवला. कुणी सांगितलं नव्हतं.

आता ‘येते’ दाबलं की स्क्रीनवर येतं… ‘या’.