शनिवारचं सिगारचं मासिक

मी जन्मात कधी सिगार ओढली नाही. पण राख किती लांब टिकली म्हणजे पान नीट गुंडाळलंय असं समजायचं, हे मला अजून सांगता येतं. विचारत मात्र कोणी नाही.

पन्नासच्या दशकात मी पनवेलला मुलींच्या शाळेत शिकवत होते. घर महाडकडे. पळस्प्याच्या नाक्यावर गोव्याकडची गाडी धरली की सुटीपुरती माणसांत जायची, एरवी इस्राएल आळीत एका म्हाताऱ्या ज्यू गृहस्थांची मागची खोली. दुसऱ्या कोणी मला खोली दिलीच नाही. ‘एकट्याच राहणार?’ असं विचारायचे आणि असे बघायचे, जणू मी खोलीत वाघ पाळणार आहे! शाळेतल्या बाकीच्या बाया घंटा झाली की आपापल्या घरी पळत. मी खोलीत येऊन कुलूप काढायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मला एकटं वाटायचं, भयंकर एकटं. उगाच कशाला लपवू?

घरमालकांना मी काका म्हणत असे. त्यांची बायको वारलेली, एकुलता मुलगा इस्राएलला गेलेला. मुंबईत फोर्टातल्या एका साहेबाच्या तंबाखूच्या दुकानात त्यांनी हयात घालवली होती. साहेब विलायतेला परत गेला, दुकान मोडलं आणि काकांच्या वाट्याला ट्रंकभर जुनी इंग्रजी मासिकं आली, सिगारच्या शौकिनांसाठी निघणारी. अशीही मासिकं असतात हे मला त्या ट्रंकेमुळे कळलं. कुठल्या बेटावरचं पान सरस, पेटी दमट कशी ठेवावी, सिगारवरची कागदी पट्टी पेटवण्याआधी काढावी की नंतर. त्या पट्टीवरून तर पानंच्या पानं भांडण!

“काका, या लोकांना काही कामधंदे नव्हते का हो?”

“होते ना. म्हणून तर संध्याकाळी निवांत भांडायचे.”

काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं, आणि तेही फक्त शनिवारी. शनिवार त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र वार. शुक्रवारचा सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, गाडीत बसायचं नाही. चूल नाही, दिवा नाही, सिगार तर नाहीच. इतर दिवशी ते त्रिचनापल्लीचे स्वस्त चिरूट ओढत. शनिवारी उंची सिगार कानांनी ओढत. दुपारी ओटीवर बसून मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मध्येच “हां, बरोबर” म्हणायचे.

एकदा वाचताना ‘सीडरच्या लाकडाचा वास’ असं आलं. मी वैतागले. “मी कुठे बघितलंय हे झाड?”

“पेन्सिलीला टोक करता ना, बाई? तोच वास.”

मी खोलीत जाऊन कंपासपेटी उघडून हुंगली. अगं बाई! इतकी वर्षं पेन्सिली तासत होते आणि पत्ता नव्हता. त्या दिवशी मी विनाकारण फार खूश होते.

पाणी भरायला येणारी बाई हसायची. “कसली पोथी वाचतंस गो दर शनवारची? त्यान देव हाय का नाय?”

“धूर आहे,” मी म्हणायची.

संध्याकाळ झाली की मी अंगणात उतरून वर बघायची. ते ओटीवरून विचारायचे, “किती आले?” एक, दोन. तिसरा दिसला की मी सांगायची, मग ते काडी ओढायचे. काकांचा शब्बाथ माझ्या शब्दावर सुटायचा.

मग दिवाळीनंतर मुलगा त्यांना न्यायला आला. इथे आता बघणारं कोण आहे, असं त्याने माझ्यासमोरच म्हटलं. भाडेकरणीने काय बोलायचं? काकांनी आठवडाभर नको-नको केलं आणि शेवटी कबूल झाले. निघायचं ठरलं शनिवारी. तारे दिसल्याशिवाय मात्र मोटारीत बसणार नाही म्हणाले. आळीच्या तोंडाशी टॅक्सी उभी राहिली, मुलगा सामान घेऊन तिकडे गेला, आणि मी ट्रंकेतलं सगळ्यात वरचं मासिक काढलं. पट्टीच्या भांडणाचं. ट्रंक माझ्यासाठी मागे ठेवणार होते. मला ट्रंक नको होती, मला काका हवे होते.

वाचता वाचता उजेड गेला. मशिदीतली अजान होऊन गेली. समोरच्या घरात दिवा लागला.

“बाई, किती आले?”

मी अंगणात उतरले. आकाश लख्ख होतं. तीन सोडा, चांगले सात-आठ तारे दिसत होते.

“दोनच,” मी म्हटलं.

काकांनी खिशातला चिरूट बाहेर काढला होता, तो परत आत ठेवला.

“तिसरा कुठे राहिला?”

“ढगाआड असेल.”

“या दिवसांत ढग!” ते हसले. “बरं. मग वाचा.”

मी पायरीवर बसले. अक्षर दिसत नव्हतं. पण तो मजकूर मला पाठ होता. इतक्या शनिवारी वाचल्यावर होणारच. मी सुरुवातीपासून म्हणायला लागले.

“अंधारात वाचता येतंय का?”

“येतंय,” मी म्हटलं आणि त्यांना ऐकू जाईल असं पान उलटलं.

आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मुलाने तिथूनच हाक मारली, “पप्पा, तारे आले ना आता?”

काकांनी मान वर केली.

“नाही रे,” ते ओरडले. “बाई म्हणतात, अजून नाहीत.”